बाबांच्या 5.1 (सहा चॅनलच्या) डिस्क वेव्हमध्ये घेऊन राहिलो, पण फाइल खरंच पूर्ण उतरली हे ठरवायचं कसं?

धरमपेठवासी | रविवार, रात्री 10:12

नमस्कार मंडळी. बाबांकडे 43 डिस्क आहेत, त्यात 29 डीव्हीडी-ऑडिओ आणि 14 एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी). अमेरिकेतले मोठे काका 2002 ते 2008 या काळात दर खेपेला चार-पाच घेऊन यायचे. बहुतेक पाश्चात्त्य वाद्यवृंद, थोडं जॅझ. बाबांनी प्रत्येक डिस्क वहीत नोंदवून ठेवली आहे: कधी आली, कोणता भाग आवडला, कोणतं वाद्य कुठल्या बाजूनं येतं.

त्या वेळचा प्लेअर आता थकला. तीनदा डिस्क घातली की एकदा वाचतो. नागपुरात बर्डीच्या बाजारात मोदी नंबर 3 ला दाखवला, पण लेसरचा भाग आता मिळत नाही म्हणाले. बाबा 74 वर्षांचे आहेत. प्लेअर पूर्ण बंद पडायच्या आत सगळं हार्ड डिस्कवर, कुठलीही काटछाट न करता वेव्ह फाइलमध्ये घ्यायचं ठरवलं आहे. छोटा कॉम्प्युटर एचडीएमआयनं रिसीव्हरला जोडला आहे.

11 डीव्हीडी-ऑडिओ झाल्या. डिस्कवरून एमएलपी (डिस्कवरचा घडी घातलेला मूळ आवाज) काढलं आणि एफएफएमपेग या प्रोग्रॅमनं वेव्ह केलं. रिसीव्हरवर सहा चॅनल आणि 96 किलोहर्ट्झ दिसतं, आवाजही चांगला आहे. पण मनात शंका राहिली आहे. डिस्क एकदा कपाटात गेली की पुन्हा कोण काढणार? म्हणून विचारतो, जे होतं ते सगळं फाइलमध्ये आलं का हे कसं तपासायचं?

खामला_चौक | रविवार, रात्री 10:40

भाऊ, आधी एका फाइलचा आकार आणि मिनिटं सांगा.

धरमपेठवासी | रविवार, रात्री 10:47

पहिलीच घ्या. 52 मिनिटं, 3.6 जीबी.

खामला_चौक | रविवार, रात्री 11:05

मग डिस्कवरचं 24 बिट नाही उतरलं. 16 बिट आहे ते.

हिशेब पाहा. वेव्हमध्ये दाबादाबी नसते, म्हणून आकार आधीच काढता येतो. एका सेकंदाला 96,000 नमुने, म्हणजे आवाजाची मोजमापं, प्रत्येक 24 बिट म्हणजे 3 बाइट, चॅनल 6. गुणाकार केला की सेकंदाला 17,28,000 बाइट. 52 मिनिटांचे 3,120 सेकंद, म्हणजे फाइल जवळपास 5.39 जीबी व्हायला पाहिजे. 3 ऐवजी 2 बाइट धरा, बरोबर 3.59 जीबी येतं. तुमचा आकडा तोच आहे.

एफएफएमपेगला नुसतं 'वेव्ह कर' म्हटलं तर ते 16 बिट लिहितं, त्याचं ठरलेलंच तसं आहे. कमांडमध्ये पीसीएम एस 24 एलई हा कोडेक स्पष्ट लिहावा लागतो. रिसीव्हर 96 दाखवतो तो नमुन्यांचा वेग, त्यावरून बिट कळत नाही. म्हणून तुम्हाला कुठंच काही चुकलं असं दिसलं नाही.

11 डिस्क पुन्हा कराव्या लागतील. पण काढलेलं एमएलपी ठेवलं असेल तर डिस्कला हात लावायची गरज नाही.

धरमपेठवासी | रविवार, रात्री 11:11

एमएलपी ठेवलं आहे! धन्यवाद भाऊ. आजच सुरू करतो.

जुनी_कॅसेट | सोमवार, सकाळी 7:20

धरमपेठवासी, एमएलपी ठेवलंत हे फार चांगलं केलंत, ते शेवटपर्यंत पुसू नका. मी रेकॉर्डिंगच्या कामात 30 वर्षं काढली. मूळ प्रत कुठली आणि कामाची प्रत कुठली, हे ज्यानं वेगळं ठेवलं त्याचं काम टिकलं.

एमएलपीची गरज का पडली तेही समजून घ्या, म्हणजे भीती जाईल. डीव्हीडी-ऑडिओ 2000 साली बाजारात आली. त्या डिस्कवरून सेकंदाला जास्तीत जास्त 9.6 मेगाबिट वाचता येतात. सहा चॅनल, 24 बिट, 96 किलोहर्ट्झ कच्चं ठेवायचं तर 13.8 मेगाबिट लागतात. म्हणून मेरिडियन कंपनीची ही घडी घालायची पद्धत घेतली. साडी घडी करून ठेवली म्हणून तिचा धागा कमी होत नाही, तसंच हे. उलगडलं की बिट न् बिट तोच. पुढं डॉल्बी ट्रूएचडी याच पायावर उभं राहिलं.

एक गोष्ट मात्र जरूर पाहा. या डिस्कवर दोन फोल्डर असतात, ऑडिओ टीएस आणि व्हिडिओ टीएस. दुसऱ्यात साध्या डीव्हीडी प्लेअरसाठी डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसची दाबलेली प्रत असते. पुष्कळ सॉफ्टवेअरला ऑडिओ टीएस वाचताच येत नाही, ते मुकाट व्हिडिओ टीएस उचलतं. सहा चॅनल मिळतात, आवाज येतो, माणूस खूश होतो. आणि घरात येते ती दुय्यम प्रत. तुमच्या 11 मध्ये कुठं 48 किलोहर्ट्झ दिसलं तर ती डिस्क पुन्हा उघडा. काही डिस्क मुळातच 48 च्या असतात, म्हणून लगेच चूक धरू नका. वेष्टनावर काय लिहिलं आहे ते वाचा.

सदर_बाजार | सोमवार, सकाळी 9:02

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडे मैफलींच्या ब्लू-रे आहेत, त्यावर डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ असतं. तिथं पण हाच प्रकार का?

खामला_चौक | सोमवार, सकाळी 9:30

प्रकार थोडा वेगळा. त्यात आत एक गाभा असतो, साधं डीटीएस, बहुतेक वेळा 1,509 किलोबिटचं. त्याच्यावर उरलेला फरक वेगळा ठेवलेला असतो. दोन्ही जोडले की मूळ आवाज पूर्ण येतो. ज्या डीकोडरला वरचा थर समजत नाही तो नुसता गाभा वाजवतो आणि काही बोलत नाही. एफएफएमपेगचं जुनं व्हर्जन असेल तर हेच होतं. 2016 च्या 3.0 नंतरचं घ्या, त्यात पूर्ण उलगडतं. तुमची डिस्क 96 किलोहर्ट्झची असून फाइल 48 ची निघाली, तर गाभाच निघाला समजा.

ट्रूएचडीमध्ये ॲटमॉस असेल तर वेव्हमध्ये 7.1 चॅनल उतरतात. डोक्यावरच्या स्पीकरसाठी असलेली वस्तूंची माहिती, म्हणजे कोणता आवाज कुठून यायचा ते, वेव्हमध्ये जात नाही. ती पाहिजे असेल तर मूळ प्रवाह एमकेव्ही फाइलमध्ये तसाच ठेवा आणि रिसीव्हरला उलगडू द्या.

धरमपेठवासी | मंगळवार, रात्री 9:50

नवीन अडचण. एफएफएमपेगची कमांड मला काही जमली नाही, म्हणून दुसऱ्या एका प्रोग्रॅमनं 24 बिट केलं. आकार बरोबर 5.39 जीबी. आनंद झाला. पण प्लेअरमध्ये उघडलं तर लांबी 10 मिनिटं 34 सेकंद दिसते आणि तिथंच थांबतं. फाइल खराब झाली का? बाबा बाजूला बसले होते, पहिला भागच अर्धा तुटला.

खामला_चौक | मंगळवार, रात्री 10:08

फाइल शाबूत आहे, तिचा मथळा, म्हणजे सुरुवातीला लिहिलेली फाइलची माहिती, चुकला.

वेव्हच्या मथळ्यात आकार लिहायला 32 बिटांची जागा असते. तिथं 4,29,49,67,295 च्या वरचा आकडा मावत नाही. तुमची फाइल 5,39,13,60,000 बाइटची. गाडीचा मीटर शेवटच्या आकड्यानंतर पुन्हा शून्यावरून सुरू होतो तसं झालं, आणि मथळ्यात उरले सुमारे 1,09,63,92,700. भागा 17,28,000 नं. 634 सेकंद, म्हणजे 10 मिनिटं 34 सेकंद. तुम्ही दिलेला आकडा जसाच्या तसा!

सहा चॅनल 24/96 मध्ये ही हद्द 41 मिनिटं 25 सेकंदांनी येते. काही जुने प्रोग्रॅम निम्म्यावरच, 2 जीबीला, म्हणजे 20 मिनिटं 42 सेकंदांनी अडतात. याला उपाय दोन. एक, आरएफ64 किंवा डब्ल्यू64 या प्रकारात लिहा, त्यात आकाराची जागा 64 बिटांची असते. एफएफएमपेगमध्ये आरएफ64 चा पर्याय 'ऑटो'वर ठेवला की गरज पडेल तेव्हाच ते तसं लिहितं. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. ट्रॅकनुसार तुकडे करा. सिंफनीचे चार भाग असतात, क्वचितच एखादा 41 मिनिटांच्या वर जातो.

कमांड उद्या फोनवर सांगतो, जमते की नाही ते पाहून घेऊ.

वैनगंगा | मंगळवार, रात्री 10:55

खामलाभाऊंचं ते मीटरचं उदाहरण मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार.

धरमपेठवासी दादा, तुकडे करताना एक जपा. वाद्यवृंदात पुष्कळदा एका भागातून दुसऱ्यात विनाखंड जातात. तिथं कापायची जागा नमुन्यावर नेमकी पाहिजे, नाहीतर सांध्यावर टिक येते. आणि एमपी3 ची सवय असलेले प्लेअर दोन फाइलींच्या मध्ये अर्धा सेकंद गप्प बसतात. बाबांना ते लगेच कळेल. ज्यांनी वाद्यांच्या बाजू वहीत लिहून ठेवल्या आहेत, त्यांना तर नक्कीच.

त्या वहीवरून आठवलं. तुम्ही चॅनल तपासले का?

धरमपेठवासी | बुधवार, सकाळी 8:15

ताई, चॅनल म्हणजे काय तपासायचं? सहाही स्पीकर वाजतात.

वैनगंगा | बुधवार, दुपारी 1:40

सगळे वाजतात, पण आपापलं वाजवतात का? इथं फार लोक फसतात, म्हणून सविस्तर लिहिते.

वेव्हमध्ये सहा चॅनलचा क्रम ठरलेला आहे: पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, एलएफई म्हणजे सबवूफरचा, मग मागचा डावा आणि मागचा उजवा. सिनेमाच्या कामात डावा, मधला, उजवा, मग मागचे दोन, आणि एलएफई शेवटी अशीही मांडणी चालते. डीटीएसच्या आत मधला सगळ्यात आधी असतो. चांगलं सॉफ्टवेअर हे आपोआप लावून घेतं. पण कोणी सहा वेगळ्या मोनो फाइल काढून नंतर हातानं जोडतं, तिथं गडबड होते. सिनेमाच्या क्रमानं जोडलेली फाइल वेव्ह म्हणून वाजवली तर उजव्या स्पीकरमधून मधला आवाज येतो, सबवूफरला मागचा डावा चॅनल मिळतो, आणि मागच्या उजव्यातून एलएफईचा घुमारा. वाद्यवृंद असेल तर सगळं इतकं मिसळलेलं असतं की वरवर ऐकून चटकन कळत नाही.

आणखी एक. 5.1 चे मागचे दोन स्पीकर काही फाइलींत 'बाजूचे' म्हणून नोंदलेले असतात, काहींत 'मागचे' म्हणून. आवाज तोच, लेबल वेगळं. काही प्रोग्रॅम या लेबलावरून गोंधळतात, त्यांना 7.1 वाटतं आणि दोन रिकामे चॅनल घुसवतात. फाइलचा आकार अचानक एक तृतीयांशानं वाढलेला दिसला तर हे आठवा.

मी तपासणीसाठी एक साधी फाइल केली आहे. मोबाइलवर माझ्याच आवाजात 'पुढचा डावा', 'पुढचा उजवा', 'मधला', 'मागचा डावा', 'मागचा उजवा' असं बोलून एकेक चॅनलमध्ये ठेवलं. एलएफईत बोललेलं ऐकू येत नाही, तिथं 40 हर्ट्झचा सूर ठेवला. ही फाइल तुमच्या कॉम्प्युटर आणि रिसीव्हरवर आधी वाजवा. ती बरोबर आली की जोडणी बरोबर. मग डिस्कवरून केलेली फाइल लावा आणि बाबांना वही घेऊन मध्ये बसवा. त्यांच्याइतका विश्वासू साक्षीदार दुसरा नाही.

धरमपेठवासी | बुधवार, रात्री 11:20

ताई, आज संध्याकाळी केलं. तुमच्यासारखी फाइल आईच्या आवाजात केली. तिनं 'मागचा उजवा' म्हटलं आणि आवाज मागच्या उजव्यातून आला, तेव्हा बाबा खुर्चीत वळून हसले.

मग दोन नंबरची डिस्क लावली. पाच मिनिटांत बाबा म्हणाले, "चेलो उजवीकडे असतात रे, हे मधून येऊन राहिले." वहीत तसंच लिहिलेलं. शोधलं तर सापडलं. 2 नंबरची मी पहिल्या दिवशी सहा मोनो करून जोडली होती, बाकीच्या दहा नाहीत. ती तेवढी पुन्हा केली. आता चेलो जागेवर आहेत.

जुनी_कॅसेट | गुरुवार, सकाळी 6:50

तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

आता एसएसीडीबद्दल लिहितो, कारण तिथं वाट पूर्ण वेगळी आहे. सोनी आणि फिलिप्सनी 1999 मध्ये आणली. कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हला तिचा वरच्या दर्जाचा थर वाचताच येत नाही. संकरित डिस्क, म्हणजे सीडीचाही थर असलेली, असेल तर ड्राइव्ह नुसता सीडीचा थर दाखवतो, दोन चॅनल, 16 बिट, 44.1. ते काढून 'एसएसीडी घेतली' असं समजणारे मी पाहिले आहेत. खरा थर काढायला जुन्या सॉफ्टवेअरवर राहिलेला सुरुवातीचा प्लेस्टेशन 3 लागतो, नाहीतर मीडियाटेक चिपचे काही ठरावीक ब्लू-रे प्लेअर. त्यातून डिस्कची प्रतिमा काढतात, मग त्यातून डीएसएफ किंवा डीएफएफ फाइल.

आत पीसीएम, म्हणजे वेव्हमधले अनेक बिटांचे नमुने, नाही, डीएसडी आहे. एक बिट, पण सेकंदाला 28,22,400 वेळा, म्हणजे सीडीच्या वेगाच्या 64 पट. सहा चॅनल धरले तर तासाला साडेसात जीबीच्या वर जातं. वर तोच कार्यक्रम दोन चॅनलमध्येही ठेवायचा, आणि थराची जागा 4.7 जीबी. म्हणून तिथंही डीएसटी नावाची न गमावणारी घडी आहे.

इथं एक प्रामाणिक गोष्ट सांगतो. डीव्हीडी-ऑडिओचं वेव्ह म्हणजे तीच वस्तू उलगडलेली. डीएसडीचं वेव्ह म्हणजे भाषांतर. उत्तम होऊ शकतं, पण ते उलट फिरवून मूळ बिट मिळत नाहीत. म्हणून डीएसएफ हीच मूळ प्रत धरा, आणि वेव्ह ऐकण्यासाठी.

भाषांतर करताना 88.2 किंवा 176.4 किलोहर्ट्झ घ्या. 28,22,400 ला ते 32 आणि 16 नं पूर्ण भागतात. 96 ला भाग पूर्ण जात नाही, उगीच आडवळण होतं. मी स्वतः 88.2 आणि 24 बिट घेतो. 176.4 मध्ये सहा चॅनल तासाला 11.4 जीबी खातात, आणि वरच्या भागात बरीचशी डीएसडीचीच खरखर असते. ऐकू येण्याच्या पट्ट्यातली खरखर या पद्धतीत 20 किलोहर्ट्झच्या वर ढकललेली असते. ती गाळणीनं काढावी, ॲम्प्लिफायरला आणि ट्विटरला तिचा उपयोग नाही.

पातळीचं पण लक्षात असू द्या. एसएसीडीत शून्य डेसिबल म्हणजे डीएसडीच्या पूर्ण क्षमतेच्या निम्मं. त्यामुळे फाइल इतरांपेक्षा हळू वाटते आणि सॉफ्टवेअर 6 डेसिबल वाढवायचा पर्याय देतं. डोळे मिटून तो लावू नका. वाद्यवृंदात एखादा ठोका वरच्या टोकाला टेकलेला असतो, तो कापला जाईल. आधी पूर्ण डिस्कचं शिखर मोजा, मग जेवढी जागा असेल तेवढंच वाढवा, आणि सगळ्या ट्रॅकला व सहाही चॅनलला एकसारखं. एलएफई हळू वाटतो म्हणून एकटा वाढवू नका. तो डिस्कवर मुद्दाम 10 डेसिबल खाली ठेवलेला असतो आणि रिसीव्हर वाजवताना वर घेतो.

ट्रॅक वेगवेगळे वेव्हमध्ये बदलले की सुरुवातीला टिक येते ती डीएसएफच्या ठोकळ्यांमुळे. प्रत्येक चॅनलचे 4,096 बाइटचे ठोकळे असतात, शेवटचा अपुरा असेल तर भरतीनं पूर्ण करतात. विनाखंड संगीतात ती भरती ऐकू येते. पूर्ण डिस्क एका फाइलमध्ये बदला आणि नंतर पीसीएममध्ये कापा.

सदर_बाजार | गुरुवार, सकाळी 10:10

काका, हे जपून ठेवलं. एक शंका. वेव्हच का? फ्लॅकमध्ये, म्हणजे न गमावता घडी घातलेल्या फाइलमध्ये, जागा निम्मी लागेल ना?

खामला_चौक | गुरुवार, सकाळी 10:45

माझं पण मत फ्लॅकच. आठ चॅनलपर्यंत चालतं, एक बिट गमावत नाही, नाव-कलाकार नीट लिहिता येतात. शिवाय आतल्या आवाजाचा एमडी5, म्हणजे ठशासारखा तपासणीचा आकडा, त्याच फाइलमध्ये नोंदलेला असतो. पाच वर्षांनी हार्ड डिस्कवर काही बिघडलं तर तपासून कळतं. वेव्हला हे काही नाही.

धरमपेठवासी | गुरुवार, रात्री 9:30

बाबांचा प्लेअर प्रोग्रॅम सहा चॅनलच्या फ्लॅकला अडखळतो, म्हणून ऐकायला वेव्हच ठेवणार. पण एमडी5 चं पटलं. जपायची प्रत फ्लॅक करतो, आणि त्यातून पुन्हा वेव्ह काढून दोन्हींचा आवाज जुळतो का ते प्रत्येक डिस्कला पाहतो.

वैनगंगा | गुरुवार, रात्री 10:15

जुळवणीसाठी अजून दोन गोष्टी. सॉक्स या प्रोग्रॅममध्ये आकडेवारीचा पर्याय आहे, त्यात खऱ्या वापरलेल्या बिटांची संख्या येते. फाइल 24 बिटची असून आत फक्त 16 वापरले असतील तर तिथं उघडं पडतं. तुमच्या पहिल्या 11 फाइल कोणी नुसत्या 24 च्या डब्यात ओतल्या असत्या, तर आकारावरून कळलं नसतं, इथं कळलं असतं. आणि स्पेक या प्रोग्रॅममध्ये आवाजातल्या कमी-जास्त कंपनांचं चित्र काढा. 96 ची फाइल 48 किलोहर्ट्झपर्यंत दाखवते. 22 च्या आसपास चाकूनं कापल्यासारखी सरळ रेघ दिसली तर मूळ आवाजच सीडीच्या वेगाचा होता, मग कंपनीनं डिस्क करतानाच तसं केलेलं असू शकतं.

आणि सगळ्यांसाठी एक विनंती. आपल्या डिस्क, आपल्या घरात ऐकण्यासाठी, इथपर्यंतच राहू द्या. कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीनं 65अ कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूनं संरक्षण तोडणं हा त्यात गुन्हा आहे. इथं कोणी फाइल मागू नये, देऊ नये.

जुनी_कॅसेट | शुक्रवार, सकाळी 7:05

ताईंशी पूर्ण सहमत.

मे महिना आहे, म्हणून अजून एक. दुपारी 45 अंशांत कॉम्प्युटरला आठ-आठ तास ताण देऊ नका, रात्री चालवा. हार्ड डिस्क कूलरच्या झोतात ठेवू नका. गार वाटतं, पण ती ओली हवा असते. माझी एक डिस्क अशीच गेली, त्यात 1990 च्या दशकातली माझी स्वतःची रेकॉर्डिंग होती. दोन प्रती करा आणि दुसरी दुसऱ्या घरी ठेवा.

धरमपेठवासी | पुढचा रविवार, रात्री 9:05

29 पैकी 27 डीव्हीडी-ऑडिओ पूर्ण झाल्या. सगळ्या 24 बिट, सगळ्यांचा एमडी5 जुळला. दुसरी प्रत मानेवाड्याला बहिणीकडे गेली. बाबा रोज डिस्क ऐकतात आणि वहीत जुन्या नोंदीपुढे बरोबरची खूण करतात. आज 19 वर आहेत.

दोन डिस्कवर ओरखडे आहेत, माझा ड्राइव्ह मध्येच सोडतो. त्यातली एक काकांनी आणलेली शेवटची, 2008 ची. काका आता नाहीत. कोणाकडे चांगला ड्राइव्ह आहे का?

खामला_चौक | पुढचा रविवार, रात्री 9:20

माझ्याकडे दोन जुने ड्राइव्ह आहेत, एक हट्टी डिस्कही हळूहळू वाचतो. मंगळवारी संध्याकाळी सातनंतर घरीच आहे. डिस्क घेऊन या, आणि बाबांना बरं वाटत असेल तर त्यांनाही घेऊन या. वही आणायला सांगा.

जुनी_कॅसेट | पुढचा रविवार, रात्री 9:48

खामला, माझ्या 14 वर्षं जुन्या ब्लू-रे प्लेअरमध्ये मीडियाटेक चिप आहे. मंगळवारी तो घेऊन मीही येतो. धरमपेठवासी, एसएसीडीपण सोबत ठेवा.